सारखे दिसणारे इंग्रजी शब्द आणि बदलणारे हक्क

नवी दिल्ली : आयुर्विम्याच्या पॉलिसीवर ‘सम अश्युअर्ड’ असे छापलेले असते, तर आरोग्य विम्याच्या पॉलिसीवर ‘सम इन्शुअर्ड’. दोन्हींपुढे दहा लाख रुपये हाच आकडा असला, तरी या दोन शब्दांनी दिलेली हमी एक नाही. पहिल्या प्रकारात विमेदाराचा मृत्यू झाल्यास, पॉलिसीच्या अटींना अधीन राहून, ठरलेली रक्कम वारसांना मिळते. किती नुकसान झाले याचा हिशेब मांडला जात नाही. दुसऱ्या प्रकारात दहा लाख ही केवळ वरची मर्यादा असते. रुग्णालयाचे देयक तीन लाखांचे झाले, तर तीन लाखांपर्यंतच भरपाई मिळते आणि खोलीभाड्याची मर्यादा किंवा खर्चातील स्वतःचा वाटा यांसारख्या अटी असल्यास त्याहूनही कमी. दोन शब्दांत फरक दोन-तीन अक्षरांचा. व्यवहारात तो लाखो रुपयांचा ठरतो.

इंग्रजीत अशा सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या मोठ्या संख्येने आहेत. शाळेत त्या स्पेलिंगचा किंवा स्पर्धा परीक्षेचा विषय म्हणून शिकवल्या जातात आणि परीक्षा संपली की विस्मरणात जातात. मात्र कर्जाचा करार, घरभाड्याचा दस्त, विम्याची पॉलिसी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पासपोर्ट यांवर त्या पुन्हा भेटतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार, संसदेने अन्यथा तरतूद करेपर्यंत, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते आणि कायद्यांचा अधिकृत पाठही इंग्रजीत असतो. त्यामुळे करारावर सही करणारा माणूस इंदूरचा असो, बडोद्याचा असो वा बेळगावचा, वाद वरच्या न्यायालयात गेला की निर्णय बहुधा इंग्रजी शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपतो. त्या शब्दाशी ज्याचा परिचय सर्वांत कमी, त्यालाच बहुतेक वेळा त्याची किंमत मोजावी लागते.

उपसर्गाचा खेळ

असे सारखेपण इंग्रजीत इतके का आढळते, याचे उत्तर त्या भाषेच्या जडणघडणीत आहे. इंग्रजीने लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच या भाषांतून हजारो शब्द घेतले. त्यांपैकी कित्येक शब्द एका मूळ धातूला वेगवेगळे उपसर्ग किंवा प्रत्यय जोडून तयार झालेले आहेत. मराठी वाचकाला ही रीत नवी नाही. संस्कृतातील ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द आले. ‘उपहार’ आणि ‘अपहार’ यांत एका स्वराचे अंतर आहे, पण एक भेट देण्याचा प्रकार आहे आणि दुसरा फौजदारी गुन्हा. मराठी माणूस या शब्दांत गोंधळत नाही, कारण ते त्याच्या कानावरून रोज जातात. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत ही सवय नसते आणि डोळ्यांना दिसणाऱ्या सारखेपणावर भरवसा ठेवला जातो.

‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ ही जोडी या भरवशाचा धोका सर्वांत स्पष्टपणे दाखवते. इंग्रजीत ‘इन’ हा उपसर्ग अनेकदा नकार दाखवतो. ‘कम्प्लीट’ म्हणजे पूर्ण आणि ‘इनकम्प्लीट’ म्हणजे अपूर्ण. या हिशेबाने ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न जळणारे, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे : सहज पेट घेणारे. ‘इन्फ्लेमेबल’मधील ‘इन’ नकारार्थी नाही. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा तो मूळचाच भाग आहे. हा गैरसमज जीवघेणा ठरू शकतो, हे ओळखून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरण्याचा आग्रह धरला. भारतात मात्र जुना शब्द टिकून आहे. १९५२ च्या कायद्याचे नावच ‘इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस ॲक्ट’ असे आहे आणि इंधनाच्या टँकरवर, गोदामांवर हाच शब्द रंगवलेला आढळतो. न जळणाऱ्या वस्तूसाठी इंग्रजीत ‘नॉन-फ्लेमेबल’ असा स्वतंत्र शब्द आहे. तो दिसत नाही तोवर पेटीत किंवा टाकीत ज्वलनशील पदार्थ आहे असेच मानणे सुरक्षित.

‘एमिग्रेशन’ आणि ‘इमिग्रेशन’ या शब्दांत स्थलांतराची दिशा बदलते. देश सोडून बाहेर जाणे म्हणजे एमिग्रेशन. बाहेरून देशात येणे म्हणजे इमिग्रेशन. भारतीय विमानतळांवर जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही प्रवाशांची तपासणी ‘इमिग्रेशन’ याच नावाच्या खिडकीवर होत असल्याने हा भेद पुसट झाला आहे. तथापि परदेशात मजुरीसाठी किंवा घरकामासाठी जाणाऱ्या व्यक्तीला तो लक्षात ठेवावा लागतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या अनेक कामगारांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. गंतव्य देशाचा व्हिसा ही त्या देशाची इमिग्रेशनविषयक परवानगी असते. ती हाती असली म्हणजे भारताची एमिग्रेशन परवानगी मिळाली, असे होत नाही. ही दुसरी परवानगी कामगाराच्या संरक्षणासाठी असते, कारण ती देण्यापूर्वी नोकरीचा करार तपासला जातो.

वैद्यकीय भाषेत ‘हायपर’ आणि ‘हायपो’ हे दोन ग्रीक उपसर्ग परस्परविरोधी आहेत. हायपर म्हणजे प्रमाणाबाहेर जास्त, हायपो म्हणजे प्रमाणापेक्षा कमी. हायपरटेन्शन म्हणजे उच्च रक्तदाब, हायपोटेन्शन म्हणजे कमी रक्तदाब. हायपरथायरॉइड आणि हायपोथायरॉइड यांचेही तसेच; दोन्हींची औषधे एकमेकांच्या उलट काम करतात. मधुमेही रुग्णाच्या घरात तर हा फरक सर्वांना माहीत असावा. रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की त्या अवस्थेला हायपोग्लायसेमिया म्हणतात. रुग्णाला घाम येतो, हात थरथरतात, भान हरपू लागते. तो शुद्धीवर असल्यास त्याला लगेच साखर किंवा गोड पेय देणे आवश्यक असते. हायपरग्लायसेमियात साखर आधीच वाढलेली असते आणि गोड पदार्थाने ती आणखी वाढते. दूरध्वनीवरून निरोप देताना किंवा जुनी कागदपत्रे वाचून दाखवताना या शब्दांऐवजी ‘साखर कमी झाली आहे’ किंवा ‘साखर वाढली आहे’ असे मराठीत सांगणे अधिक खात्रीचे.

कोण देणारा, कोण घेणारा

कायद्याच्या दस्तांत शब्दाचा शेवट निर्णायक असतो. ‘ऑर’ने संपणारा शब्द देणाऱ्याचा आणि ‘ई’ने संपणारा शब्द घेणाऱ्याचा, असा साधारण नियम आहे. ‘डोनर’ म्हणजे दान देणारा, ‘डोनी’ म्हणजे दान घेणारा. ‘लेसर’ म्हणजे जागा भाडेपट्ट्याने देणारा, ‘लेसी’ म्हणजे ती घेणारा. मराठीतील ‘धनको’ आणि ‘ऋणको’ या जोडीसारखीच ही रचना आहे.

गहाणखतात मात्र हा नियम वाचकाला चकवतो. गृहकर्ज देणारी बँक देणारी असल्याने तीच ‘मॉर्गेजर’, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तेथे मोजले जाते ते तारण, कर्ज नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घर तारण म्हणून देणारा कर्जदार हा मॉर्गेजर आणि ते तारण घेणारी बँक ही ‘मॉर्गेजी’. एखाद्या कलमात मॉर्गेजरवर दुरुस्ती, कर किंवा विमा हप्त्याची जबाबदारी टाकलेली असेल, तर ती बँकेची नसून कर्जदाराची असते.

‘लेसी’ आणि ‘लायसेन्सी’ हे शब्दही एका जातीचे वाटतात. लेसीला जागेत कायदेशीर हितसंबंध मिळतो, तर लायसेन्सीला केवळ ती वापरण्याची परवानगी. मुंबई, पुणे आणि नागपूर येथे घरे बहुधा ‘लिव्ह अँड लायसेन्स’ करारानेच दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर लायसेन्सीने जागा सोडली नाही, तर त्याच्याकडून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल करता येते. त्याच कायद्याचे कलम ५५ लायसेन्सीच्या बाजूने उभे राहते. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी झालेली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

‘व्हॉइड’ आणि ‘व्हॉइडेबल’ यांत चार अक्षरांचे अंतर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार जो करार कायद्याने अमलात आणताच येत नाही तो व्हॉइड, म्हणजे शून्य. व्हॉइडेबल करार मात्र अस्तित्वात असतो. फसवणूक किंवा बळजबरी झालेल्या पक्षाने तो रद्द करायचे ठरवले तरच तो रद्द होतो. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात दिला. याउलट एखाद्या प्रौढ व्यक्तीची फसवून सही घेतली असेल, तर तो दस्त आपोआप निकाली निघत नाही. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ५९ नुसार असा दस्त रद्द करून घेण्यासाठी, फसवणुकीची वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. ‘फसवणुकीचा कागद टिकणारच नाही’ या समजुतीवर स्वस्थ बसणाऱ्याचा हक्क या काळात निसटू शकतो.

देवनागरीत हरवणारा भेद

काही जोड्यांतील फरक इंग्रजीत डोळ्यांना दिसतो, पण देवनागरीत लिहिताच नाहीसा होतो. ‘प्रिन्सिपल’ हा त्याचा नमुना. शेवटी ‘पी-एल-ई’ ही अक्षरे असलेला शब्द म्हणजे तत्त्व. शेवटी ‘पी-ए-एल’ असलेला शब्द म्हणजे प्रमुख. महाविद्यालयात त्याचा अर्थ प्राचार्य आणि बँकेत मुद्दल. कर्जाच्या विवरणपत्रातील ‘प्रिन्सिपल आउटस्टँडिंग’ म्हणजे फेडायची राहिलेली मुद्दल. वीस लाख रुपयांचे कर्ज वार्षिक नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होते ती जेमतेम २,९९५ रुपयांनी. हप्ता नियमित भरूनही सुरुवातीच्या वर्षांत कर्ज फारसे का उतरत नाही, याचे उत्तर या एका रकान्यात असते.

‘कौन्सिलर’ आणि ‘कौन्सेलर’ यांच्या उच्चारात जवळजवळ भेद नाही. पहिला नगरसेवक, दुसरा समुपदेशक. राजकीय बातम्यांत ‘सेन्सॉर’ आणि ‘सेन्शुअर’ यांची गल्लत होते. दोन्ही शब्द, आणि जनगणना या अर्थाचा ‘सेन्सस’ही, मूल्यमापन करणे या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदापासून आले आहेत. प्राचीन रोममध्ये सेन्सॉर हा अधिकारी नागरिकांची गणना करीत असे आणि त्यांच्या वर्तनावरही लक्ष ठेवीत असे. पुढे अर्थांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सेन्सॉर करणे म्हणजे मजकूर किंवा दृश्य वगळणे. सेन्शुअर करणे म्हणजे ठपका ठेवणे. लोकसभेतील ‘सेन्शुअर मोशन’ म्हणजे निंदाव्यंजक ठराव. त्यात आरोपाची कारणे नमूद करावी लागतात आणि तो एका मंत्र्याविरुद्धही आणता येतो. अविश्वास ठराव संपूर्ण मंत्रिमंडळाविरुद्ध असतो, त्याला कारणे द्यावी लागत नाहीत आणि तो संमत झाल्यास सरकारला पायउतार व्हावे लागते.

विम्याच्या शब्दांचा इतिहासही असाच आहे. ‘अश्युअर’, ‘इन्शुअर’ आणि निश्चिती करणे या अर्थाचा ‘एन्शुअर’ या तिन्ही शब्दांच्या मुळाशी निर्धास्त किंवा सुरक्षित या अर्थाचा एकच लॅटिन शब्द आहे. ब्रिटिश व्यवहारात आयुर्विम्यासाठी ‘अश्युरन्स’ हा शब्द रूढ झाला, कारण मृत्यू ही निश्चित घटना आहे. आग, अपघात किंवा आजार यांची शक्यता असते, खात्री नसते. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ अश्युरन्स सोसायटीच्या नावात हा जुना शब्द आढळतो. मात्र कंपनीच्या नावावरून विम्याचा प्रकार ओळखता येत नाही. १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या इंग्रजी नावात ‘इन्शुरन्स’ आहे, तर सर्वसाधारण विम्याचा व्यवसाय करणाऱ्या न्यू इंडिया कंपनीच्या नावात ‘अश्युरन्स’. म्हणून नावापेक्षा पॉलिसीतील रकमेपुढचा शब्द वाचणे महत्त्वाचे.

जबाबदारी कोणाची?

हे भेद वाचकाने शिकून घ्यावेत, हे खरे असले तरी सारा भार त्याच्यावरच टाकणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न औषधांच्या नावांच्या संदर्भात न्यायालयापुढे आला. औषधांची नावे ही बनवलेली नावे असल्याने तेथे मूळ धातूही मदतीला येत नाही. आम्लपित्तावरील ‘लोसेक’ आणि शरीरातील अतिरिक्त पाणी लघवीवाटे बाहेर काढणारे ‘लॅसिक्स’ यांच्या नावांत गोंधळ होऊ लागल्याने अमेरिकेत १९९० मध्ये लोसेकचे नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करण्यात आले.

भारतात ‘फॅल्सिगो’ आणि ‘फॅल्सिटॅब’ या मलेरियावरील दोन औषधांच्या नावांवरून सुरू झालेला कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. २००१ च्या निकालात न्यायालयाने अशा खटल्यांसाठी निकष घालून दिले. इतर मालाच्या तुलनेत औषधांच्या नावांतील सारखेपणाकडे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे, कारण तेथील चूक जिवावर बेतू शकते आणि प्रशिक्षित डॉक्टर किंवा औषधविक्रेतेही चुकू शकतात, असे न्यायालयाने म्हटले. या देशात सर्वांची एक भाषा नाही आणि इंग्रजी जाणणारे थोडे आहेत. अशा स्थितीत ग्राहक शब्दांतील बारीक फरक ओळखेल असे गृहीत धरणे वास्तवाला धरून नाही, हा त्या निकालातील मुद्दा औषधांपुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही.

त्यानंतरच्या काळात नियमही त्याच दिशेने सरकले आहेत. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये करण्यात आली. रक्तदाबावरील ‘हायड्रालाझिन’ आणि ॲलर्जीवरील ‘हायड्रॉक्सिझिन’ यांसारख्या नावांत जेथे फरक आहे तेवढीच अक्षरे मोठी छापण्याची पद्धतही अनेक देशांत अवलंबली जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार, किरकोळ कर्ज देताना व्याज, शुल्क आणि हप्ते यांचा तपशील देणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बँका व वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या सुधारित सूचनाही जानेवारी २०२४ पासून लागू झाल्या असून, ग्राहकाने मागणी केल्यास पॉलिसीची मुख्य माहिती देणारे पत्रक स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावे लागते.

या तरतुदींचा उपयोग मागणी केल्यावाचून होत नाही. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी माहितीपत्रक आपल्या भाषेत मागावे. विमा घेताना रकमेपुढे कोणता शब्द आहे ते पाहावे आणि ती रक्कम ठरलेली आहे की कमाल मर्यादा, याचे उत्तर लेखी घ्यावे. करारात ‘ऑर’ आणि ‘ई’ने संपणाऱ्या प्रत्येक नावापुढे आपण कोण आहोत, हे मराठीत लिहून ठेवावे. औषध घेताना चिठ्ठीवरील नाव वेष्टनावरील नावाशी अक्षरशः ताडून पाहावे आणि ते कोणत्या आजारासाठी आहे, हे औषधविक्रेत्याला विचारावे. शब्दाबद्दल शंका आली, तर अंदाज न बांधता अर्थ विचारणे हा ग्राहकाचा, रुग्णाचा आणि पक्षकाराचा अधिकार आहे. इंग्रजी कमी येते म्हणून तो कमी होत नाही.